दक्षिणेवरचा कर

महाकालाच्या गावात राहून त्याच्यावरच रुसायची पाळी माझ्यावर आली होती. मी राम घाटावर श्राद्ध-तर्पण सांगतो. दक्षिणा मोजायची नाही, मिळेल ती डोळ्यांना लावून ठेवून द्यायची, ही आमच्या घराण्याची रीत. पण हल्ली यजमान पाकीट काढतच नाहीत, मोबाईल काढतात. गर्दी वाढली तशी दक्षिणा थेट खात्यात जमत गेली, आणि मी समजत राहिलो की दक्षिणेवर कसला आलाय कर, तो काय पगार आहे? रिटर्न म्हणून कधी भरलंच नाही. मग आयकर खात्याची नोटीस आली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कर, व्याज आणि उशिराचा दंड धरून हिशेब केला तर एवढी रक्कम निघाली की नानाखेड्याचं राहतं घर विकल्याशिवाय ती एकदम भरणं शक्य नव्हतं.

टावर चौकातल्या एका एजंटने तोड काढली. "गुरुजी, टेंशन मत लो. पुरानी तारीख में एक संस्था दिखा देंगे. पैसा संस्था का, आप तो सिर्फ सेवक. बस साइन कर दो." घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, ही संस्था आहे तरी कुठे? मला एकदा दाखवा की." मी तिच्यावर खेकसलो, "मग घर विकू? मुलीला घेऊन धर्मशाळेत राहू?" दुसऱ्या दिवशी दुपारी सही करायचं मी नक्की केलं. सकाळी शिप्रेत बुडी मारताना मनातल्या मनात महाकालाला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, इतकी सेवा केली, आणि तू मला हे दिवस दाखवतोस?

घाटावर आलो तर महाराष्ट्रातून आलेल्या एक वयस्कर काकू शेजारच्या गुरुजींना शोधत होत्या. त्यांच्या घराण्याचे तीर्थपुरोहित ते. पण गुरुजींच्या घरी सुतक होतं. अशा वेळी आमच्याकडे दुसऱ्याने विधी करून द्यायचा आणि दक्षिणा ज्याचा यजमान त्याच्या घरी पोचवायची. आपण त्यातलं काही घ्यायचं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. काहीतरी बहाणा करून त्यांना पुढे पाठवावं असंच वाटत होतं. पण रीत मोडवेना, म्हणून बसलो.

दर्भ हातात देऊन संकल्प सांगायला लागलो, तर काकू हळूच म्हणाल्या, "गुरुजी, ह्यांना एक निरोप द्यायचाय. यात कुठे बसेल का?"

"कसला निरोप?"

"सरकारचा कर फिटला म्हणून."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांच्या पतींची छोटी छपाईची प्रेस होती. वर्षानुवर्षं रिटर्न न भरता ते गेले आणि नोटीस काकूंच्या हातात पडली. सगळं फिटल्याशिवाय तीर्थावर यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मला राहवलं नाही. विधी आटोपल्यावर माझी सगळी कहाणी त्यांच्यापुढे ओतली. त्या म्हणाल्या, "अहो, त्यात घर कशाला विकता? उशिरा का होईना, खरं रिटर्न भरा. मागणीची, म्हणजे किती भरायचं त्याची, नोटीस आली की मुदतीच्या आत लेखी अर्ज करा, एकदम जमत नाही, हप्ते पाडून द्या म्हणून. व्याज सुटत नाही, पण माणूस सुटतो. खोट्या कागदावर मात्र सही करू नका. गेल्यावर बायकोला निस्तरावं लागतं." एवढं बोलून त्या उठल्या आणि हरसिद्धीच्या देवळाकडे निघून गेल्या. त्यांना कुणी पाठवलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

दुपारी एजंटकडे गेलोच नाही. एका सरळमार्गी सीएकडून रिटर्नं भरली. मागणीची नोटीस आल्यावर अर्ज घेऊन स्वतः आयकराच्या साहेबांसमोर उभा राहिलो. "पंडितजी, इतने साल सो रहे थे क्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हाँ साहब, सो ही रहा था." ते किंचित हसले. दर महिन्याचे हप्ते मंजूर झाले. एक रुपयाही माफ झाला नाही. दागिने गेले, हात आखडून चाललोय. पण घर राहिलं, आणि बायकोच्या नजरेला नजर देता येते. इतके दिवस मी देवाकडे सुटका मागत होतो. त्याने मला खरं सांगायची हिंमत दिली, आणि तेवढ्याने माझं काम झालं.

पहिला हप्ता भरताना बायको शेजारी बसली होती. मोबाईलवर बोट टेकवलं आणि आहुती सोडताना यजमानांकडून म्हणवून घेतो ते शब्द आपसूक तोंडून बाहेर पडले, "न मम". हे माझं नव्हे. जन्मभर दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःसाठी म्हटलं, आणि ढसाढसा रडलो.