दुष्काळातली जीप आणि मोहट्याहून आलेली आजी

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. शेवगावहून नेवाशाकडे जाताना आडबाजूला आमचं गाव. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा. विहिरीच आटल्या तेव्हा हाताला काम उरलं नाही. दुकानाच्या कोनाड्यात मोहट्याच्या देवीची तसबीर होती. वडिलांच्या वेळेपासून तिच्यापुढे रोज सकाळी दिवा लागायचा. त्या उन्हाळ्यात तो लावायला माझा हात उठेना. बायाबापड्या रिकाम्या घागरी घेऊन वणवण फिरतायत, मग आपण वात पेटवायची ती कुणापुढे, असं मनात यायचं. देवी नाही असं म्हणण्याचं धाडस नव्हतं, पण ती आपलं ऐकते हा भरवसा मात्र उडाला होता.

प्रवरेकाठची एक विहीर अजून टिकून होती. मालक पाणी द्यायला तयार होता, पण ओढ्यातून जाणाऱ्या त्या वाटेनं टँकर जाईना आणि गावातले बैल चारा छावणीत गेलेले. माझ्याकडे लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप पडून होती. तिचं पेट्रोल इंजिन कधीच निकामी झालेलं. मी ठरवलं, हिच्यात डिझेल इंजिन बसवायचं आणि मागे पाण्याची टाकी जोडायची. उलटलेल्या एका गाडीचं इंजिन मिळालं. ते जीपमध्ये मावेना, तेव्हा माझा मित्र रशीद, जो वेल्डिंगचं काम करायचा, त्यानं सांगाड्याला नवे आधार जोडून ते बसवलं. "आता फकस्त चावी फिरवायची," तो म्हणाला.

चावी फिरवली. इंजिन गरगरलं, पण पेटलं नाही. डिझेलच्या नळीत हवा अडकली असेल म्हणून नट सैल करून ती सगळी काढली. मग पेटलं. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी हात जोडले. पण जीप ओढ्यापर्यंत पोचते न पोचते तोच आचके देत बंद पडली. मी डिझेलच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं, टाकी काठोकाठ. पुन्हा चालू केली तर चालली, आणि थोड्या वेळानं पुन्हा गप्प. फिल्टर बदलला, पंप खोलून धुतला, सांधे आवळले. दर वेळी तेच. बॅटरी उतरली तेव्हा गावानं जीप ढकलत दुकानापाशी आणली. घोटभर पाण्यावर दिवस काढणारी माणसं ती. त्यांना धापा टाकताना पाहून मला मान वर करवेना.

"आज ऱ्हाऊ दे," रशीद म्हणाला.

"न्हाई. लागंल ते खोलू, पन ही चालवायचीच."

हट्ट होता खरा, पण आत काहीच सुचत नव्हतं.

भर दुपारी एक म्हातारी दुकानाच्या सावलीला आली. मोहट्याचं दर्शन करून पायीच निघालेली, प्रवरेकाठी लेकीच्या गावाला चाललेली. रशीदनं आपल्या तांब्यातलं पाणी तिला दिलं. पाणी पिऊन तिची नजर कोनाड्याकडे गेली.

"दिवा का इझलाय, लेकरा?"

"तेल न्हाई, आजी," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

तिनं गाठोड्यातून तेलाचा बंद डबा काढला. "लेकीला न्हेतीय. देवीपुरतं निघंल यातलं." रशीदनं खिळ्यानं वरच्या पत्र्याला भोक पाडून डबा कलता केला. चार थेंब पडले आणि तेल थांबलं. त्यानं डबा हलवला, तरी येईना.

"असं न्हाई येत, बाबा. दुसऱ्या अंगाला बी भोक पाड. वारं आत गेल्याबिगर तेल भाईर यायचं न्हाई."

दुसरं भोक पडलं आणि पणतीत सरळ धार लागली. मी जागच्या जागी उभा राहिलो. जीपच्या डिझेलच्या टाकीचं मूळ झाकण हरवलं होतं. धूळ जाऊ नये म्हणून मीच नवं करून, ट्यूबचं रबर लावून ते घट्ट बसवलं होतं. हवा शिरायला वाटच नव्हती, मग डिझेल पुढे येणार कसं? बघायला म्हणून मी झाकण उघडायचो तेव्हा हवा आत जायची, म्हणूनच जीप पुन्हा थोडा वेळ चालायची. मी रशीदच्या हातातला खिळा घेतला आणि झाकणाला बारीक भोक पाडलं.

आजीनं दिवा लावल्यावर तिला शेजारी बसवून निघालो. ओढा आला, मागे पडला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. रशीद मागे टाकी धरून बसला होता. विहिरीवर टाकी भरायला लागली तेव्हा आजी उतरली. मी वाकून तिच्या पायांना हात लावला.

"माझ्या कुटं पाया पडतो? जा बिगी बिगी. तिकडं बाया खोळंबल्यात," असं म्हणून ती गाठोडं डोक्यावर घेऊन बांधानं चालू लागली.

ती कोण, असं मला पुष्कळांनी विचारलं. ती लेकीकडे चाललेली एक म्हातारी होती, एवढंच मला ठाऊक आहे. दोष साधा होता; उद्या-परवा मलाही सापडला असता. पण गावाला पाणी त्या दिवशी हवं होतं, आणि ती त्या दिवशी आली. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत जीपच्या खेपा चालू राहिल्या. कष्ट मी आजही सोडत नाही. ते माझ्या एकट्याचे आहेत हा समज तेवढा त्या दुपारी सुटला, आणि तेव्हापासून भार हलका आहे.