खांद्यावरचा हात

ड्रायव्हिंग शिकवणारी ती बाई एके काळी सिस्टर होती, हे चर्चच्या पॅरिशमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. विसरल्याचं सोंग मात्र सगळे झकास वठवत.

ऐन उमेदीची वर्षं तिनं कॉन्व्हेंटमध्ये काढली. लहानग्यांना प्रार्थना शिकवल्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसली, आणि चर्चमागचा हॉल उभा राहत होता तेव्हा झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारून विटाही वाहिल्या. मग रीतसर परवानगी काढून ती व्रतांतून मोकळी झाली. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी तिनं गावातल्या एका वायरमनशी लग्न केलं, तेव्हा कारणं शोधणाऱ्यांचं आयतंच फावलं. दुसऱ्या पॅरिशमध्ये जा, असं सुचवणारे हितचिंतकही भेटले.

“का? इथला देव मला ओळख दाखवणार नाही?” ती विचारी, आणि दर रविवारी मिस्सेला पुढून दुसऱ्या बाकावर जाऊन बसे.

बायकांना गाडी शिकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चौकात समोरून ट्रक आला की शिकणारी स्टिअरिंग सोडून छातीवर क्रूसाची खूण करायला लागे. “आधी ब्रेक, मग प्रार्थना!” ही ओरडे.

त्या वर्षी पॅरिशचा सुवर्णमहोत्सव होता. बिशप येणार होते. चर्चला रंग चढला, हॉलमध्ये जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं, आणि दिव्यांचं काम आलं वायरमनकडे. एका संध्याकाळी तो घरी आला आणि बराच वेळ नुसते हातच धूत राहिला.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“तुझा फोटो लागलाय तिथं. म्हणजे... थोडासा.”

“थोडासा म्हणजे?”

“हात.”

चपला पायात सरकवून ती तडक हॉलवर गेली. बांधकामाच्या वेळचा फोटो भिंतीएवढा मोठा करून लावला होता. विटांच्या ढिगापाशी कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदर उभ्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावर कुठूनसा आलेला एक हात होता. मनगटाच्या पुढे फोटोच संपत होता.

समितीचे सेक्रेटरी, रिटायर्ड हेडमास्तर, शिडीवरच्या मुलांना ओरडत होते. तिला बघून त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“बाई, गैरसमज नको. बिशप येणार, उगाच प्रश्न निघायचे.”

“मग हात कशाला ठेवलात?”

“तो काढला असता तर मदरचा खांदा गेला असता ना!”

ती तिथून फादरांकडे गेली. ते नवे होते, तरुण होते. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. “पुढच्या वेळी नक्की बघू,” म्हणाले.

“पुढच्या वेळी म्हणजे शंभराव्या वर्षी? तेव्हा मी कब्रस्तानात असेन, फादर. तिथून तरी काढणार नाही ना?”

घरी वायरमननं समजूत घालून पाहिली. “कशाला जायचं उद्या? आपण चौघांच्या तोंडी...”

“चौघांच्या तोंडी मी कायमच आहे. उद्या डोळ्यांसमोरही असेन.”

उद्घाटनाला ती ठेवणीतले कपडे घालून गेली आणि त्या फोटोच्या कापलेल्या कडेला चिकटून उभी राहिली. येईल त्याला, क्लच समजावून सांगावा तशा सुरात, सांगू लागली, “हा हात माझा. तेव्हा मी सिस्टर होते. मदरना उन्हानं चक्कर आली, म्हणून धरलं होतं.” लोक हसत, चुळबुळत. कुणी फोटोकडे बघे, कुणी तिच्या हाताकडे.

हेडमास्तर धावत आले. “बाई, जरा बाजूला व्हा.”

“बाजूला तर तुम्ही केलंतच. आता उभी राहू द्या.”

तेवढ्यात बिशप आले. सोबत व्हीलचेअरवर मदर, आता अगदी थकलेल्या. बिशपांनी चष्मा सावरून फोटो निरखला. “हा हात कुणाचा?”

हेडमास्तरांना नेमका तेव्हाच खोकला लागला.

“माझा,” ती म्हणाली.

“मग बाकीच्या तुम्ही कुठे आहात?”

“तुमच्या पुढ्यात. कुठे गेलेच नव्हते मी.”

ती व्रतांतून मोकळी झाल्यापासून मदर तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आताही त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फोटोकडेच बघत त्या पुटपुटल्या, “गार होता हात. बरं वाटलं होतं.” आणि व्हीलचेअर पुढच्या फोटोकडे गेली.

अख्खा फोटो काही लागला नाही. ‘एका बाईनं रंगाचा बेरंग केला,’ असं समितीत बोललं गेलं. पण प्रदर्शन संपेपर्यंत रोज शेवटचा धडा आटोपला की ती गाडी चर्चच्या फाटकाशी लावी आणि आपल्या जागी येऊन उभी राही. एकदा फादर स्वतः खुर्ची घेऊन आले.

“बसा तरी.”

“आधी फोटो, मग खुर्ची.”

फादर खुर्ची तिथेच ठेवून निघून गेले. ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती हॉलमध्ये शिरली तर भिंतीवर एक जादा दिवा होता. त्याचा उजेड मदरच्या चेहऱ्यावर नव्हे, नेमका त्या हातावर पडला होता. हेडमास्तर तणतणत होते, “अरे, तो बंद कर आधी!”

वायरमन शिडीवरून सावकाश उतरला, पकड खिशात कोंबली. “जमायचं नाही, सर,” तो म्हणाला. “वायरिंगच तसं आहे.”