पहिल्या हाकेला

आमच्या केंद्रात हजेरी सकाळी साडेदहाला होते. वीस बायका, वीस शिलाई यंत्रं आणि माझ्या हातात एक टॅब. मी नाव घ्यायचं, बाईने "हजर" म्हणायचं, मी टिचकी मारायची. पाच मिनिटांचं काम आहे. मला सहा लागतात, कारण सतराव्या नावाला मी थांबते. त्या क्रमांकावर आता दुसरीच कुणी असते आणि ती लगेच ओ देते. तरी मी थांबते. नव्या बॅचच्या बायकांना वाटतं, मॅडमना चष्मा बदलायला झालाय.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वसमतमध्ये हळदीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर मी बायकांना शिवणकाम शिकवते. सरकारी योजनेचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. शेवटी बाहेरचा परीक्षक येतो, पास झालेल्यांना प्रमाणपत्र मिळतं आणि प्रमाणपत्रावर नोकरी. खालून हळदीची धूळ वर येते, त्यामुळे इथे पांढरं कापड आठवडाभरही पांढरं राहत नाही. असल्या जागी भुताला काय काम?

पण वर्षातून दोन-तीनदा माझ्या फोनवर एक संदेश येतो. सुरुवातीला "प्रिय" आणि पुढे एका बाईचं नाव. "आपण सध्या नोकरी करत आहात का? होय असल्यास १ पाठवा, नाही असल्यास २." तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून अर्जात मी माझा नंबर टाकला होता. मी अजून १ही पाठवला नाही आणि २ही नाही. ते नाव इथे लिहीत नाही. मी ते पुष्कळदा पुकारलंय.

ती कुरुंद्याच्या अलीकडच्या एका खेड्यातून शेअर रिक्षाने यायची. वय अठ्ठावीसच्या आसपास, एक सात वर्षांची मुलगी. घरचे सगळे दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. ऊसतोडीत मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. हिने लग्नापासून बरेच हंगाम असा अर्धा कोयता होऊन काढले होते. सासूही बरोबर जायची, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीवर, भाकरी थापायला. मग मुलीला मागे कुणापाशी ठेवणार? तीही ट्रकात. शाळा दिवाळीच्या आत सुटायची आणि पुढचा पावसाळा आला की पुन्हा त्याच वर्गात.

पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं होतं, "मॅडम, मला पास व्हायचं हाय. झाले तर हितं ऱ्हाते, पोरगी शाळंत ऱ्हाती. न्हाई झाले तर दसऱ्याला ट्रकात."

गावात शाळेचे गणवेश शिवणारं एक युनिट सुरू होणार होतं. दिवाळीआधी ते आठ बायका घेणार होते, प्रमाणपत्र असलेल्या. नवऱ्याने कबूल केलं होतं की तिला नोकरी लागली तर तोही इथेच गोदामात हमाली बघेल. म्हणजे सगळं त्या एका कागदावर होतं.

आणि कागदातच घोळ झाला. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्या मुलाने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, झालं. हिचं दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार कार्ड सासरच्या. पहिलं नाव वेगळं, बापाच्या जागी नवरा, आडनाव वेगळं. अर्जाचा शेवटचा दिवस होता, सर्व्हर कासवासारखा चालत होता. मी दहावीचं नाव टाकलं. खाली "विवाहानंतरचे नाव" असा रकाना होता. तिथे टाइप केलं की पान अडकायचं. दोनदा अडकलं. तिसऱ्यांदा मी रकाना रिकामा सोडून अर्ज पाठवून दिला. म्हटलं, नंतर भरू.

नंतर कळलं, दुरुस्ती करायची तर अख्खी यादी परत येते आणि बॅच महिनाभर पुढे जाते. म्हणजे दसरा गेला, भरतीही गेली. मी विचार केला आणि तिला म्हटलं, "राहू दे. परीक्षेला कार्ड कुणी बघत नाही." आधीच्या दोन बॅचमध्ये खरंच कुणी बघितलं नव्हतं.

पहिल्या हजेरीला मी सतरावं नाव घेतलं. उत्तर नाही. पुन्हा घेतलं. ती समोर बसून माझ्याकडेच बघत होती. तिसऱ्यांदा घेतल्यावर म्हणाली, "हजर."

"ऐकू येत नाही का तुला?"

"येतं की. पहिल्या हाकेला ओ देऊ न्हाई, मॅडम. ती जी हाक मारती न, ती एकदाच मारती. माणूस असला तर तीनदा मारतो."

बायका हसल्या. मागच्या रांगेत एक आपा बसायच्या, शिंप्याच्या घरातल्या, वयाने मोठ्या. त्या म्हणाल्या, "अगे, मॅडम जिंदा हैं! सुबे से दो चाय पिए. बोल दे हाजिर!"

"चहा तर ती बी पीत असंल, आपा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून जरा हळू, "आन् ते नाव बी मॅडम, लई मागचं हाय. सासूबाई म्हणल्या व्हत्या, ताटातलं नाव तेच आता, पहिलं गेलं. तुमी घेतलं की गेलेल्या माणसाला बोलावल्यावानी वाटतं."

असले प्रकार वर्गात नकोत, असं मी बजावलं. उपयोग शून्य. तीन महिने रोज तिसऱ्या हाकेलाच "हजर". मी पुढे नाद सोडला, कारण काम चोख होतं. तिची शिवण आखल्यासारखी सरळ यायची आणि काज तर माझ्याहून बरं. सुया कशा धरायच्या, धागा का तुटतो, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, परीक्षकाला उलटं उत्तर द्यायचं नाही, सगळं मी घोटून घेतलं. हाकेचं तेवढं राहिलं.

परीक्षेला आलेले गृहस्थ उतारवयातले होते. दुपारी त्यांना हिंगोलीत दुसरं केंद्र होतं, त्यामुळे घाईत होते. हजेरी ते घेणार होते, त्यांच्या टॅबवर. नाव घ्यायचे, टिचकी, पुढचं नाव. मी खिडकीपाशी विजेच्या वायरीशी झटत होते. सतरावं नाव कानावर आलं, अनोळखी पुरुषी आवाजात, एकदा. मी वळून बघेपर्यंत ते अठराव्यावर गेले होते.

ती हात यंत्रावर ठेवून वाट बघत होती. दुसरी हाक आलीच नाही.

मग उठली. "साहेब, मी हाय."

"कौन?"

तिने यादीतलं नाव सांगितलं. त्यांनी कार्ड मागितलं, बघितलं. "ये तो दूसरा नाम है." मग मला बाजूला घेतलं आणि चांगल्या मराठीत, आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, गैरहजर लागलंय. उघडता येतं, पण मग ही तीच आहे असं तुम्ही लिहून द्या. कार्ड जुळत नाही, हे मला वर कळवावं लागेल, आणि वर कळवलं की वीसच्या वीस कार्डं तपासेपर्यंत बॅच थांबेल. सांगा, काय करू?"

मी वर्गाकडे बघितलं. एकोणीस जणी मान खाली घालून धागा ओवत होत्या, म्हणजे ऐकत होत्या.

"राहू द्या," मी म्हणाले.

तिने ते ऐकलं. यंत्रापाशी परत जाऊन बसली. मला विचारलं, "तरी शिवू का?"

"शिव."

सगळ्यांना शाळेचा शर्ट शिवायचा होता. तिनेही शिवला. संपता संपता परीक्षकांनी माझ्यापुढे कागद सरकवला. क्रमांक सतरा, अनुपस्थित, केंद्रप्रमुखाची सही. मी सही करत होते तेव्हा तिचं यंत्र चालूच होतं. टेबलाला त्याची थरथर येत होती, पेन जरा हललं. ती सही माझ्या बाकीच्या सह्यांसारखी नाही. शर्ट तिने वेळेत पुरा करून टेबलावर ठेवला. त्याला क्रमांकाची चिठ्ठी नव्हती, म्हणून परीक्षकांनी तो बाजूला सरकवला.

एकोणीसच्या एकोणीस पास झाल्या. आठ जणी युनिटात लागल्या. माझं काम झालं, असं वरून सांगण्यात आलं.

फेरपरीक्षेची तारीख आली ती पौषातली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्कूटी काढून तिच्या गावाला गेले. शाळेच्या भिंतीलगत ट्रक उभा होता. गोधड्या, पातेली, कोंबड्यांची डालगी, वर माणसं. ती खाली बोचकं बांधत होती. मुलगी आधीच ट्रकात चढून फळीवर बसली होती.

मी म्हटलं, "पौषात फेरपरीक्षा आहे. नावाचं मी करून घेते, प्रतिज्ञापत्र करून. दोन दिवस ये फक्त."

"पौषात आमी उसात असतो, मॅडम."

"दोनच दिवस."

"अर्धा कोयता सोडून कशी येऊ? ते एकटे काय करतील? मुकादम दोघांला बी काढून देईल."

"चूक माझी होती," मी म्हणाले. "एक रकाना मी रिकामा सोडला. आणि परीक्षेच्या दिवशी..."

सासू ट्रकाच्या चाकापाशी बसली होती. ती मध्येच म्हणाली, "बाई, तुमी तवाच बोलायला पायजे व्हतं. आता बोलून काय व्हतं?"

ती बोचक्याची गाठ ओढत म्हणाली, "जाऊ द्या आत्या. त्याहीनं एकोणीस जणी बघितल्या." टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला टोमण्याला उत्तर देता येतं.

मुकादम ओरडायला लागला. नवऱ्याने वरून हात दिला, ती चढली. मागचं फळकुट लागलं. मी अजून उभी होते. 

तिने वरून वाकून विचारलं, "मॅडम, युनिटात आठवी कोण लागली?"

"आपा."

"बरं झालं. त्याह्यची शिवण चांगली हाय." ट्रक सुरू झाला तसा तिचा आवाज चढला. "त्याह्यला सांगा, कॉलर उलटायच्या आधी टोक कातरून घ्यायचं. त्या इसरतात. मग कोपरा जाड येतो, साहेब लोक परत करतेत!"

"सांगते," मी ओरडून म्हणाले. ट्रक वळेपर्यंत ती हवेत दोन बोटांची कात्री करून दाखवत राहिली, तिरपी, शिवणीपासून एक दोरा सोडून.