हिरव्या लुगड्यातल्या बाईचा मुक्काम

मुळशी तालुक्यात जेवढी म्हणून माणसं वाईट तऱ्हेने मेली, त्या सगळ्यांशी माझ्या बायकोच्या मामांचा घरोबा होता. आणि त्या गोतावळ्यात, जी मुळात कधी जन्मलीच नव्हती अशी एक बाई घुसवण्याचं काम माझ्या हातून झालं. नवा जावई म्हणून पहिल्यांदाच कोळवणला गेलो होतो. काहीतरी विचारायचं म्हणून एक प्रश्न विचारला आणि एका विधवा बाईचं वर्षाचं भात धोक्यात घातलं.

मामा कोळवणच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर; मामी गेल्यापासून घरात एकटेच. इतर लोक पाहुण्याला देऊळ दाखवतात, बैलजोडी दाखवतात. मामा पाहुण्याने कपबशी खाली ठेवायच्या आत छत्री उचलत आणि म्हणत, "चला, ठिकाणं बघून येऊ." ठिकाण म्हणजे जिथे कोणी फास घेतला, कोणी बुडालं, कोणाला वाघाने नेलं किंवा भावकीच्या भांडणात कोणाच्या डोक्यात कुऱ्हाड बसली, अशी जागा. प्रत्येक ठिकाणापाशी मामा वहाणा काढत, छत्रीच्या टोकाने नेमका दगड दाखवत आणि वर्गात धडा घ्यावा तशा आवाजात हकिगत सांगत. विहिरीवरच्या मुंज्याचं गणित कच्चं होतं, हे ते मनापासून हळहळून सांगत. वडावरच्या दरोडेखोराला तंबाखू चालते, पण चुना जास्त झालेला खपत नाही, अशी बारीकसारीक माहिती त्यांच्यापाशी असे. मी विचारलं, "मामा, तुम्हाला कधी कोणी दिसलं?" ते म्हणाले, "मला कोण दिसणार? समोरून मास्तर येताना दिसला की भूतसुद्धा वाट बदलतं."

आता यात थट्टेचा भाग सोडला, तर मामा या बाबतीत कमालीचे काटेकोर होते. दोन म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांना न विचारता सांगितली, तरच ती हकिगत खरी. एकाच तोंडची असेल तर ते ठिकाण मामा लांबून दाखवत, वहाणा न काढता. खिंडीत चढल्यावर खाली मुळशी धरणाचं पाणी दिसलं. मी म्हटलं, इथे तर बरंच काही असेल. मामांनी छत्री काखेत मारली. म्हणाले, "तिथं भुतं नाहीत. तिथं गावं आहेत." आणि उतरू लागले.

परतताना शेताच्या बांधावर एक उंबर लागला. माझे पाय दुखत होते, पण जावयाने रस दाखवला नाही असं व्हायला नको, म्हणून मी विचारलं, "मामा, या उंबराखाली काहीच नाही का?"

मामा थांबले. त्यांनी उंबराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा आलेल्या जावयाला नाही कसं म्हणायचं, हा पेच त्यांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा वाचता आला नाही. "आहे," ते सावकाश म्हणाले. "एक बाई आहे. हिरवं लुगडं. पाठमोरी असते." वहाणा मात्र त्यांनी काढल्या नाहीत. तेवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एस.टी.ला वेळ होता. मी चहाच्या हॉटेलात बसलो आणि तिथल्या चार जणांना ती बाई ऐकवली. ते इतकं मन लावून ऐकत होते, की मी माझ्या पदरचं थोडं घातलं. भाताच्या लावणीला बायका ओणव्या झाल्या की ती मागून चिखलात हात घालून घोटा धरते, असं सांगितलं. सगळे गप्प झाले. एवढं यश मला ऑफिसात कधी मिळालं नव्हतं.

महिन्याभराने मामांचं कार्ड आलं. "जावईबापू, सवडीने दोघे येऊन जावे. बाई वाढली आहे."

आम्ही पोचलो तेव्हा मामांच्या पडवीत पारूबाई बसली होती. उंबराचं शेत तिचं. तिकडे लावणी सावडीने होते. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या तू त्यांच्या. पारूबाई सगळ्यांच्या शेतात राबून आली होती आणि तिच्या शेतात पाय ठेवायला कोणी तयार नव्हतं.

"मास्तर, रोप पिवळं पडाया लागलंय," ती म्हणाली. "आनि चार दिसांनी लावलं तरी त्याला लोंबी धरायची न्हाई. तुमची बाई हाय, तुमीच काडा."

मामा उठले, मला घेऊन हॉटेलात गेले आणि चारचौघांत म्हणाले, "मी खोटं बोललो. तिथं कोणी नाही."

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने विडी विझवली. "मास्तर, जल्मात तुमी खोटं बोलला न्हाई. आत्ताच कसं बोलाल? तिनं दम दिला व्हय तुमाला?"

घोट्याचं मी माझ्या मनाने घातलं, हे मीही कबूल केलं. म्हातारा म्हणाला, "पाव्हनं, तुमी कालचं. तुमाला काय ठावं तिचं?"

मामा घरी आले. मग एका सुपात तांदूळ, नारळ, हिरव्या बांगड्या नि कुंकू घेतलं आणि भर दुपारी, पावसात, गाव बांधावर गोळा झालेलं असताना, उंबरापुढे उभे राहिले. या वेळी वहाणा काढून. "बाई, चला," ते म्हणाले. "माझ्याकडे पडवी रिकामी आहे. इथं लोकांच्या पोटावर पाय येतोय." असं कोणाला न्यायचं तर पुढच्याने मागे वळून बघायचं नसतं. म्हणून मामा पुढे, आणि मागे मी, छत्री घेऊन. छत्री माझ्या डाव्या बाजूला धरायची होती, जिथे कोणी नव्हतं. मी उजव्या बाजूने भिजत होतो. बांधावरून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "जरा वर धरा पाव्हनं, तिच्या डोस्क्याला काडी लागतीया."

दुसऱ्या दिवशी उजाडताच अख्खी सावड पारूबाईच्या शेतात उतरली आणि दुपार कलायच्या आत सगळी खाचरं हिरवी झाली.

मामांच्या पडवीत मात्र त्या दिवसापासून कोणी आलं नाही. एरवी पत्रं वाचून घ्यायला, भांडणं सोडवायला, नाहीतर नुसतंच बसायला माणसं येत. आता ती कुंपणापाशी उभी राहून हाक मारत आणि मामा बाहेर जाऊन पत्र वाचून दाखवत. मी म्हटलं, "मामा, थोडे दिवस गेले की तिला दुसरीकडे कुठेतरी पोचवा."

"ज्याने खोटं ठिकाण लावलं, त्यानेच ते सांभाळावं," मामा म्हणाले. निघताना त्यांनी आम्हाला कुंपणापर्यंत पोचवलं, आणि आत वळायच्या आधी क्षणभर पडवीकडे बघत उभे राहिले.

एस.टी. भूगावच्या पुढे आली. बायको म्हणाली, "मामी असती, तर तिने या बाईला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं."

मी हसलो. ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकट्या माणसाचं घर, म्हणून खपलं."