शोकपत्राचा नमुना

आमच्या इकडच्या हिंदी मुलखातल्या शिक्षणसंस्थेत कोणाला कोऱ्या कागदावर पत्र लिहायला सांगा, तो आधी जुन्या फायलींकडे धावतो. पद्धत एकच: "पिछली वाली चिट्ठी निकाल लो, नाम बदल दो." म्हणून बारा वर्षांपूर्वी मी सगळ्या पत्रांचे नमुने तयार करून कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवले. रजामंजुरी, बदली, ताकीद, निरोप, शोक. नमुना उघडायचा, त्याची प्रत करायची, प्रतीत नाव भरायचं आणि मूळ नमुना कोरा सोडायचा. याहून सोपं काय असतं? पण नाही. लोक मूळ नमुनाच उघडतात, त्यातच टाइप करतात आणि सेव्ह करून मोकळे होतात. पुढच्याला आधीच्याचा मजकूर आयता मिळतो. एकदा निवृत्त होणाऱ्या चपराशाच्या निरोपपत्रात आधीच्या संगीतशिक्षिकेचा 'मधुर कंठ' तसाच राहिला. तो गडी ते पत्र वर्षभर सगळ्यांना दाखवत फिरला.

मी नमुन्यांना कुलूप घातलं तेव्हा ओरड झाली. "भाईसाहब, अपने ही दफ़्तर में ताला?" काढलं कुलूप. तेव्हापासून रोज सकाळी सगळ्यांच्या आधी कंपू मोहल्ल्यातल्या ऑफिसात येऊन मी एकेक नमुना उघडतो आणि त्यात राहिलेली नावं पुसतो. हे कोणाला माहीत नाही, आणि सांगितलं तरी कोण कौतुक करणार आहे?

शोकपत्राचा नमुना मी किला गेटच्या आमच्या घरी बसून लिहिला होता. आई समोर मेथी निवडत होती. तिला वाचून दाखवला.

"हे काय लिहून राहिलायस? ईश्वर शक्ती देवो म्हणे! ज्याचं माणूस गेलं त्याच्या घरात चूल पेटत नाही. त्याला लिही, वेळेवर जेवत जा."

"आई, हे ऑफिसचं पत्र आहे."

"मग? ऑफिसवाले खाना खात नाहीत?"

मी वाद घातला, चिडलो, आणि शेवटी तिचं वाक्य हिंदीत करून तळाशी घातलं: "समय से भोजन करते रहिएगा।" सचिवांनी वाचलं, चष्मा वर केला आणि मंजूर केलं.

या थंडीत आई गेली. ऑफिसातले दोघे स्मशानात आले, "कोई काम हो तो बताना" म्हणाले आणि गेले. काम असं काहीच नव्हतं. तेरा दिवस मावश्या होत्या, चुलत बहिणी होत्या. चौदाव्या दिवशी त्या आपापल्या गाड्यांनी पांगल्या आणि घरात मराठी बोलणारा मी एकटा उरलो. मी लग्न केलेलं नाही. बोलायला आई होती, ते पुरत होतं.

पंधराव्या दिवशी ऑफिसला निघालो. खरं सांगतो, रस्ताभर मला एकच हवं होतं. कोणीतरी आईबद्दल विचारावं. कशी होती, काय म्हणायची, काहीही. सगळ्यांनी लांबूनच हात जोडले. टेबलावर माझ्या नावाचं पाकीट होतं.

"आपके पूज्य पिताजी के निधन का समाचार पाकर..."

माझे वडील मी सातवीत असताना गेले. संस्थेला बातमी जरा उशिरा कळली म्हणायची. काय झालं असेल ते लगेच लक्षात आलं. मी रजेवर असताना मुरारच्या शाखेतल्या एका शिक्षकाचे वडील वारले होते. त्यांचं पत्र कोणीतरी मूळ नमुन्यातच टाइप केलं, आणि पुढचं पत्र माझं निघालं. रोज सकाळी पुसणारा माणूस घरी सुतकात बसला होता.

मला भयंकर राग आला. त्या रागातच खाली वाचत गेलो. तळाशी होतं: "समय से भोजन करते रहिएगा।" मी पत्र टेबलावर ठेवलं.

पत्र टाइप करणाऱ्या नव्या बाई आल्या. कोणीतरी त्यांना चूक सांगितली असावी.

"सर, माफ़ कीजिए. मैंने तो बस नाम बदला था."

"कोई बात नहीं."

त्या वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "वैसे वो आख़िरी वाली लाइन बड़ी अच्छी है, सर. किसने लिखी?"

बारा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. आईबद्दल मला हवा होता तो प्रश्न समोर उभा होता, आणि विचारणारीला ते ठाऊकही नव्हतं. आता इथे रडू फुटेल या भीतीने मी म्हणालो, "पुरानी है. पहले से चली आ रही है."

"अच्छा," म्हणाल्या आणि गेल्या.

मी नमुना उघडला, 'पिताजी' पुसून ती जागा कोरी केली. शेवटच्या वाक्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना खरं सांगायचंच असं ठरवून त्यांच्या टेबलापर्यंत गेलो आणि स्टेपलर मागून परत आलो. मग पुन्हा एकदा गेलो. माझ्या ड्रॉवरमध्ये आता त्यांचा स्टेपलर आहे, पंचिंग मशीनही आहे, आणि ते वाक्य माझ्या आईचं आहे हे त्यांना अजून माहीत नाही.