पाटीला घातलेला पत्रा

आमच्या गावात मोबाईलला रेंज नाही आणि पुढाऱ्यांना लाज नाही. राजूरच्या पुढे डोंगर आडवे येतात, त्यामुळे टॉवर कोणी उभारत नाही. शेवटी रेशन दुकानाच्या छपरावर जेवायच्या पाटाएवढी एक पांढरी पाटी बसवली. ती थेट आभाळातल्या उपग्रहांशी बोलते म्हणे. नारळ फुटले, भाषणं झाली.

मग फर्मान निघालं. कार्डावरच्या प्रत्येकाने मशीनवर अंगठा द्यायचा, नाहीतर नाव कापणार. मी वरच्या वस्तीतून तीनदा डोंगर उतरून गेले. अंगठा ठेवला की मशीनवरचं चाक गरागरा फिरायचं आणि मध्येच लाईन तुटायची. जरा वेळाने यायची, पुन्हा तुटायची.

"आजी, तुमचं नशीबच खराब," दुकानदार म्हणाला.

"नशीब न्हाई, तुजं दुकान खराब हाय. आदी वजनात मारायचास, आता लाईनीत मारतोस."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाटी तपासायला नगरहून एक पोरगी आली. मी तिला सांगितलं, "तुमचं यंत्र मधीच झोपतंय."

"झोपत नाही, आजी. उपग्रह सारखे पळत असतात. एक मावळतीला निघाला की दुसऱ्याने काम हाती घ्यायचं. दिवसभर हेच चालतं."

हे मला लगेच कळलं. भात लावताना हातातली रोपांची मूठ संपायच्या आत पुढची मूठ हातात यावी लागते. देणारी रेंगाळली की सगळी ओळ खोळंबते.

"मंग वरच्या बाया लई आळशी हायेत," मी म्हटलं.

ती शिडीने छपरावर चढली आणि वरून ओरडली, "हा मावळतीकडचा पत्रा कोणी ठोकला? पाटीला अर्धं आभाळच दिसत नाही! पत्र्यामागे गेलेल्या उपग्रहाचा हात सुटतो, दुसऱ्याचा धरेपर्यंत लाईन जाते."

रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाटी बसली त्याच दिवशी मी दुकानदाराला झापून तो पत्रा ठोकायला लावला होता. आमच्याकडे पावसाची झड मावळतीकडून येते. घर असो की गोठा, त्या अंगाला आडोसा करायचाच. एवढं महागाचं यंत्र उघडं ठेवणारे मला मूर्ख वाटले होते. पत्राही माझ्याच खुराड्यावरचा.

"सांगा की, आजी," दुकानदार मजेत म्हणाला.

"मी ठोकायला लावला. पन पाटीला आभाळ मोकळं लागतं, हे येवढ्या भाषनांत येकानं तरी सांगितलं का?"

पोरीने पत्रा उतरवला. मी अंगठा ठेवला. चाक फिरलं, थांबलं, हिरवी खूण आली. माझं नाव कार्डावर राहिलं.

"आजी, पुढच्या पावसाला परत ठोकू का?" दुकानदाराने विचारलं.

"आन इकडं तो," मी म्हटलं. "तुज्या यंत्रापायी माज्या कोंबड्या भिजत्यात."

पत्रा डोक्यावर घेतला आणि चढाला लागले.