दयाराम मिस्त्रीनं काढलेल्या काळ्या वायरी

मोताळ्याच्या बसस्टँडमागे दयाराम मिस्त्रीचं दुकान आहे. ट्रॅक्टर, थ्रेशर, पिकअप, बॅटरीवर चालणारं जे काही बंद पडतं ते त्याच्याकडे येतं. दुकानाला पाटी नाही. ज्याला दयाराम मिस्त्री माहीत नाही त्यानं ट्रॅक्टर घ्यायच्या भानगडीत पडूच नये, असं त्याचं मत. कोणतंही मशीन समोर आलं की तो आधी पान्याला हात घालत नाही, आधी शिव्या घालतो. "हे कोण्या गाढवाचं काम हाय बे?" इथून सुरुवात. मग कंपनीचे इंजिनिअर, मलकापूरचे मिस्त्री, चीनचा माल, सगळ्यांचा उद्धार होतो. एकदोनदा तर त्यानं स्वतःचंच जुनं काम न ओळखता त्यालाही याच शिव्या घातल्या. गिऱ्हाइकानं मान डोलावली. गाडी सुरू होण्याशी मतलब.

'माझं चुकलं' हे दोन शब्द मात्र त्याच्या तोंडून आजवर कोणी ऐकले नव्हते. त्याची बायको अन्नपूर्णा तीस-पस्तीस वर्षं त्याच्याबरोबर राहिली, तिनंही नाही. घरातला पंखा त्यानं उलटा फिरवून ठेवला तेव्हा त्यानं तिला सांगितलं होतं, की हिवाळ्यात असाच फिरवायचा असतो. तो चैत्र होता.

अशा माणसाला अर्जुनरावांनी बोटीचं काम दिलं. अर्जुनराव म्हणजे कपाशी-सोयाबीनचे मोठे बागायतदार, दारात दोन ट्रॅक्टर, आणि डोक्यात दर वर्षी एक नवं खूळ. मागे शहामृग पाळायचे होते. यंदा पुण्याकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाची जुनी बोट त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून उचलली. स्की-बोट. म्हणजे मागे दोरी धरून, पायाला फळ्या बांधून माणसानं पाण्यावर उभं राहायचं आणि बोटीनं त्याला ओढायचं. ज्या तालुक्यात निम्म्या लोकांना पोहता येत नाही तिथे नळगंगेच्या धरणावर हा खेळ सुरू होणार होता. पण खेळाचं कोणाला पडलं होतं? लग्नाआधीचे फोटो बोटीवर काढायला जोडपी येतील, एवढंच अर्जुनरावांचं गणित.

बोट चालवायला मात्र त्यांनी खरोखरीचा माणूस आणला होता. राजकुमार, गावातल्या वच्छलाबाईंचा एकुलता मुलगा. दहाएक वर्षं तो गोव्यात अशाच बोटी चालवत होता. आई एकटी, कानानं अधू, गुडघ्यांनी त्रासलेली. आता गावातच काम मिळतंय म्हटल्यावर तो तिथली नोकरी सोडून आला. ही बोट चालली तर तो आईजवळ राहणार, नाही तर पुन्हा गोवा. त्याचं सगळं या एका बोटीवर होतं, आणि बोटीच्या डॅशबोर्डावरचा एकही स्विच चालत नव्हता.

अर्जुनरावांच्या गोठ्यात बोट उभी केली होती. बायांनी येऊन हळद-कुंकू वाहिलं, पुढच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली. दयारामनं डॅशबोर्ड उघडला, आणि झालं. आत प्रत्येक दिव्याला, काट्याला, हॉर्नला, पाणी उपसायच्या पंपाला दोन दोन वायरी. एक रंगीत, एक काळी.

"पाहा, याले म्हणतात शिकलेले लोकं," तो म्हणाला. "एका बल्बाले दोन वायरा! अर्थ तर बॉडीतून भेटते ना बे. तांबं काय फुकट येते काय?"

ट्रॅक्टरमध्ये तसंच असतं. बॅटरीतून दिव्याकडे एक वायर जाते आणि परतीचा करंट लोखंडी सांगाड्यातून येतो; त्यालाच मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. दयारामनं जन्मभर तेच केलं होतं. राजकुमार बाजूला बोटीचा तळ घासत बसला होता. तो उठून आला.

"मिस्त्री, ह्या काया वायरा राहू द्या. बोट फायबरची हाय. याच्यातून अर्थ नाही भेटत."

"तू बोट चालव," दयाराम म्हणाला. "म्या तुले सुकाणू कसं धरावं ते सांगतलं काय?"

आणि त्यानं काळ्या वायरी ओढून काढल्या. सगळ्या. ज्या वायरी पाण्यात टिकाव्यात म्हणून कोणीतरी जीव लावून बसवल्या होत्या, त्यांचा गुंता दुपारपर्यंत गोठ्याच्या कोपऱ्यात शेणाच्या पाट्यांजवळ पडला होता. गंजलेले जुने स्विच काढून त्यानं ट्रॅक्टरचे ओढायचे स्विच बसवले. ते बसेनात, म्हणून डॅशबोर्डाला कानशीनं भोकं मोठी केली. प्रत्येक दिव्याची उरलेली तोकडी काळी शेपटी जवळच्या स्क्रूला आवळली. मग स्विच ओढला.

इंजिनानं उचल खाल्ली, कारण इंजिन लोखंडाचं आणि बॅटरीची जाड तार थेट त्याला जोडलेली. दयारामनं विजयी मुद्रेनं राजकुमारकडे पाहिलं. मग दुसरा स्विच ओढला. दिवा नाही. तिसरा. हॉर्न नाही. पंप नाही, काटे नाहीत. प्लॅस्टिकमधल्या स्क्रूतून करंट कुठे जाणार?

हे कोणाही शहाण्या माणसाच्या पाचव्या मिनिटाला लक्षात आलं असतं. दयारामला आठवडा लागला. त्यानं बॅटरी बदलली. स्विच बदलले, पुन्हा बदलले. बल्ब चिनी ठरवले. बोट पाण्याची आहे, कोरड्यात तिची वायरिंग 'उठत नाही', असाही एक शोध लावला. अर्जुनराव रोज येऊन "होऊन राह्यलं ना?" विचारायचे आणि तो "झालंच समजा" म्हणायचा. उद्घाटनाच्या पत्रिका तोवर वाटून झाल्या होत्या.

एका सकाळी गोठ्यात कोणी नसताना त्यानं कोपऱ्यातल्या गुंत्यातली एक काळी वायर उचलली. एक टोक दिव्याला धरलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवा लख्ख पेटला. तो ती वायर धरून तसाच उभा राहिला. सगळं कळलं त्याला, एका क्षणात. आणि त्याच क्षणी अर्जुनराव आत आले, मागे राजकुमार.

"काय मिस्त्री, सापडलं काय?"

सापडलं, एवढंच म्हणायचं होतं. दोन दिवसांत वायरी परत बसल्या असत्या. पण दयारामच्या हातात वायर होती आणि तोंडात भलतंच आलं.

"सापडलं ना. ह्या पाहा काया वायरा. बोट धुता धुता तुमच्या ड्रायव्हरानं तोडून टाकल्या. म्या म्हणतोच हाय, आपल्या कामात खोट कुठी हाय!"

राजकुमार पुढे आला आणि म्हणाला, "मिस्त्री, खरं बोला."

"मिस्त्री खोटं कायले बोलतीन बे?" अर्जुनराव म्हणाले, आणि राजकुमारला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. बोट त्यांचा भाचा चालवेल. तो जेसीबी चालवतो, बोटीचं काय एवढं मोठं!

दयारामनं वायरी परत बसवल्या. दिवे लागले, हॉर्न वाजला, पंप घरघरला. भाच्यानं बोट पाण्यात घातली, काठावरच्या दगडांवर घासली, आणि उद्घाटनाच्या सकाळी त्याच्या पोटात दुखू लागलं. मंडपात पाहुणे जमू लागले होते. अर्जुनरावांनी दयारामला बाजूला घेतलं. "राजकुमारले घेऊन या. तुमच्या शब्दाले मान हाय, तुमचं ऐकन तो."

दयाराम स्कूटरवर वच्छलाबाईंच्या घरी गेला. त्या ओट्यावर तूर पाखडत होत्या. राजकुमार गोव्याला परतायला तांबडं फुटायच्या आतच बॅग घेऊन मलकापूरच्या स्टेशनावर गेला होता. गाडी लेट होती, एवढंच त्यांना माहीत होतं. मिस्त्रीला पाहून त्या सूप टाकून उठल्या.

"बरं झालं, तुमीच आले. लोकं म्हणतात माह्या पोरानं वायरा तोडल्या. तो तोडीन काय? तुमच्या डोयाले तर सगयं दिसते, मिस्त्री. तुमी पाहून सांगा ना, कोणी तोडल्या ते. तुमी सांगतलं तर लोकं ऐकतीन."

म्हातारी हात जोडून उभी होती. जगभरच्या इंजिनिअरांना गाढव म्हणणारा माणूस खाली पाहू लागला.

"फोन लावा त्याले," तो म्हणाला.

वच्छलाबाईंना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. स्टेशनातला गोंगाट ओट्यावर आला, मग राजकुमारचा आवाज. दयाराम फोनकडे वाकला. "राजकुमार, मी दयाराम. त्या वायरा म्याच काढल्या होत्या."

"मले माहीत हाय," राजकुमार म्हणाला. "अर्जुनरावलेबी माहीत हाय. म्या त्याच दिवशी त्याहिले मोबाइलवर तुमी वायरा काढतानाचे फोटो दाखवले. ते म्हणे, ड्रायव्हर कुठीबी भेटते, पण मिस्त्रीले दुखवलं तर पेरणीत ट्रॅक्टर कोण पाहीन? सगये असंच करतात, मिस्त्री. तुमचं चुकलं का, लोकं दुसऱ्याकून नीट करून आणतात. तुमाले कोणी सांगत नाही, इतकंच."

दयाराम ओट्याच्या कडेला बसला. त्याला राग यायला हवा होता, तोही आला नाही.

"माघारी ये," तो म्हणाला. "बोट उभी हाय."

"हा आळ घेऊन कसा येऊ? गाडी यायची हाय अजून. तुमी तिथी चारचौघात बोला, का वायरा तुमी काढल्या. म्या फोनवर ऐकतो. मंग इथूनच फिरतो."

वच्छलाबाईंचा चेहरा बदलला होता. दुःखी नाही, कडक. त्यांनी फोन मुठीत धरला, पायात चप्पल घातली आणि म्हणाल्या, "चला धरणावर. माहं लेकरू तुमी घालवलं, तुमीच आणून द्या."

स्कूटरवरून दोघं धरणावर पोचली. अर्जुनरावांनी वाट पाहणं सोडून दिलं होतं. बोट काठाला दोरानं बांधलेली, तिचे सगळे दिवे भर उन्हात लावलेले, हॉर्न वाजत होता. बांधलेल्या बोटीसमोर फीत कापून झाली होती आणि लोक पाळीपाळीनं तिच्यात चढून फोटो काढत होते. म्हणजे ड्रायव्हर नसला तरी काही अडलं नव्हतं.

दयाराम माइकपाशी गेला. वच्छलाबाई पहिल्या खुर्च्यांजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी चालू फोन उंच धरला.

"मले एक सांगाचं हाय," दयाराम म्हणाला. "ह्या बोटीच्या काया वायरा राजकुमारनं तोडल्या नाही. म्या काढल्या. माहं चुकलं."

जन्मात पहिल्यांदा तो ते बोलला होता. आणि मग अर्जुनरावांनी हसत हसत माइक त्याच्या हातातून काढून घेतला.

"पाह्यलं? याले म्हणतात मोठेपण! त्या पोराची नोकरी जाऊ नये म्हणून मिस्त्री सोताच्या अंगावर घेऊन राह्यले. असा कारागीर आपल्या तालुक्यात हाय, हे आपलं भाग्य! वाजवा टाळ्या!"

टाळ्या कडाडल्या. ज्यांनी त्याची कामं मलकापूरहून गुपचूप नीट करून आणली होती, त्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. कोणीतरी शाल आणली, नारळ आणला. खरं तर इथे माइक हिसकावून घ्यायला हवा होता. तसं नाही बाप्पा, खरंच म्या काढल्या, असं ओरडायला हवं होतं. दयारामचं तोंड उघडलंही. पण शाल खांद्यावर पडली, बँडवाल्यानं ताशा बडवला, आणि त्यानं दोन्ही हात जोडून मान लववली.

वच्छलाबाईंचा हात खाली आला. त्यांनी फोन कानाशी नेला, मग स्पीकर चालू असल्याचं आठवून तोंडासमोर धरला.

"राजकुमार, ऐकलं ना रे?"

"हाव, आई. टाळ्या ऐकल्या," तो म्हणाला. "गाडी लागली. ठेवतो."